डिव्हिडंड कमी द्या, चालेल, पण नियम सांगा: छोट्या मशीन कंपनीच्या बोर्डाला खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब आणि संचालक मंडळातले सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा एक छोटा भागधारक, बारा वर्षं तुमचे शेअर सांभाळून आहे आणि अजून एकही विकलेला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे ते तुमच्याइतकंच तुमच्यासारख्या प्रत्येक छोट्या कंपनीला लागू आहे, जी पंप, प्रेस, कन्व्हेयर, हीट एक्स्चेंजर असली कारखान्यात लागणारी यंत्रं बनवते, जिच्याकडे फार कुणाचं लक्ष नसतं आणि जिचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातून भागधारकांना मिळणारा वाटा, कधी येतो, कधी येत नाही, आणि का ते कुणालाच कळत नाही.

मागच्या महिन्यात दोन रात्री बसून मी तुमचे बाराच्या बारा ॲन्युअल रिपोर्ट काढले. वहीत चार रकाने आखले: त्या वर्षीचा नफा, कामकाजातून प्रत्यक्ष हातात आलेला रोख पैसा, नवीन मशिनरी आणि शेडवर झालेला खर्च, आणि शेवटी डिव्हिडंड. आधी वाटलं होतं डिव्हिडंडचा रकाना बघितला की झालं, पण तो एकटा बघून काहीच बोध होत नाही, बाकीचे तीन शेजारी मांडले तेव्हा कुठे चित्र दिसलं. सुरुवातीची तीन वर्षं डिव्हिडंड थोडा थोडा वाढत गेला, मग एका वर्षी एकदम शून्य. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एकच ओळ, "बोर्डाने या वर्षी लाभांशाची शिफारस केलेली नाही." पुढच्या वर्षी परत सुरू, मग अचानक दुप्पट, वर स्पेशल डिव्हिडंड, म्हणजे नेहमीच्यापेक्षा वेगळा, जादा दिलेला, आणि त्यानंतर अर्धा. ज्या वर्षी दुप्पट दिला त्या वर्षीचा नफा बारा वर्षांतला सगळ्यात मोठा होता आणि त्याच वर्षीचा कामकाजातला रोख पैसा उणे होता. मी तो आकडा तीनदा तपासला, मला वाटलं ओळ चुकली. ओळ बरोबर होती. बँकेचं कर्ज त्या वर्षी वाढलंय, आणि वाढ जवळपास डिव्हिडंडच्या रकमेएवढीच आहे. म्हणजे तुम्ही आम्हाला जो डिव्हिडंड दिलात तो सरळ सरळ बँकेकडून उचलून दिलात.

तेव्हा माझ्या खात्यात पैसे आले, मलाही आनंद झाला, मी पण विचारलं नाही. आता विचारतोय.

यात तुमची नियत वाईट होती असं मी अजिबात म्हणत नाही. तुमचा धंदाच असा आहे की नफा आणि रोख पैसा एकत्र चालत नाहीत, आणि हे मला बाहेरून वाचून कळलेलं नाही, माझी नोकरीची बरीचशी वर्षं मशीन उभं करून चालू करून देण्याच्या कामात गेली. ऑर्डर येते तेव्हा गिऱ्हाईक थोडा ॲडव्हान्स देतं, मग तुम्ही कास्टिंग मागवता, मोटर, बेअरिंग, कंट्रोल पॅनेल मागवता, त्यांचे पैसे आधी जातात, महिनोन्महिने माल शॉपफ्लोअरवर अर्धवट अवस्थेत पडून असतो, मग असेंब्ली, मग गिऱ्हाईकाची माणसं येऊन टेस्टिंग बघून जातात, मग डिस्पॅच, आणि तिथे पोचल्यावर इरेक्शन, ट्रायल. शेवटचा हप्ता अडकलेला असतो तो परफॉर्मन्स टेस्ट पास होईपर्यंत. एका ठिकाणी आम्ही मशीन नेलं तर गिऱ्हाईकाचं फाउंडेशनच तयार नव्हतं, मशीन ताडपत्रीखाली तसंच उभं राहिलं, पाऊस आला, पॅनेलमध्ये ओल शिरली, ते उघडून वाळवून परत बसवलं, आणि शेवटचे पैसे हातात पडायला डिस्पॅचपासून सव्वा वर्ष गेलं. पण हिशेबाच्या वहीत त्या मशीनचा नफा आदल्या वर्षीच जमा झालेला होता. त्या नफ्यावर डिव्हिडंड जाहीर केला तर तो द्यायचा कशातून, ताडपत्रीतून तर निघत नाही ना.

आणि याच्या उलटी बाजू जास्त फसवी आहे, तिच्याकडे बोर्डाने खरंच नीट बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. ऑर्डरी जोरात येतात तेव्हा ॲडव्हान्स पण जोरात येतात, आणि बँक बॅलन्स फुगलेला दिसतो. ताळेबंदात तो पैसा रोख म्हणून एका बाजूला दिसतो आणि दुसऱ्या बाजूला, देण्यांमध्ये, "ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम" म्हणून तेवढाच बोजा दिसतो, पण दुसरी बाजू कोण वाचतं. तो पैसा गिऱ्हाईकाचा आहे, त्यातून त्याच्या मशीनचं स्टील आणि मोटर यायचीय. तो बघून "कंपनीकडे भरपूर कॅश आहे, स्पेशल डिव्हिडंड द्या" असं आमच्यातलेच काही भागधारक एजीएममध्ये, म्हणजे कंपनीच्या वार्षिक सभेत, म्हणतात आणि तुम्ही पण त्याला बळी पडता. पुढच्या वर्षी ऑर्डरी आटल्या की नवे ॲडव्हान्स येत नाहीत, पण जुन्या ऑर्डरींचा माल तर घ्यावाच लागतो, मग दोन्हीकडून कात्री लागते आणि तेव्हा तुम्ही डिव्हिडंड शून्य करता.

मंदीच्या वर्षी अजून एक गोष्ट होते, माझ्या वहीत दोनदा दिसली. नफा पडतो, पण जुनी येणी वसूल होतात, गोदामातला माल कमी होतो, नवीन माल घ्यावा लागत नाही, त्यामुळे रोख पैसा उलट चांगला येतो. म्हणजे तुमच्या धंद्यात बऱ्याचदा नफा सगळ्यात चांगला असतो तेव्हा खिसा रिकामा असतो आणि नफा पडलेला असतो तेव्हा खिशात पैसे असतात, आणि तुम्ही मात्र डिव्हिडंड त्या एका वर्षाच्या नफ्याकडे बघून ठरवता, म्हणून दोन्ही वेळेला चुकतं. तेजीत जास्त देऊन बसता, मंदीत द्यायला जमत असताना बंद करता.

कंपन्या डिव्हिडंड कसा ठरवतात याचा अभ्यास जुना आहे. जॉन लिंटनर या अर्थतज्ज्ञाने २८ अमेरिकन कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून १९५६ मध्ये जे मांडलं ते आजही शिकवलं जातं: व्यवस्थापक आधी बघतात की मागच्या वेळी किती दिला होता, मग मनात एक टार्गेट ठेवतात की नफ्याचा अमुक हिस्सा द्यायचा, आणि नफा वाढला तरी एकदम तिथे उडी न मारता हळूहळू जातात, कारण वाढवलेला डिव्हिडंड परत कमी करायची वेळ येणं त्यांना नको असतं. जवळपास पन्नास वर्षांनी, २००५ मध्ये, ३८४ वित्त अधिकाऱ्यांच्या सर्व्हेमध्येही कपात टाळण्याची हीच धडपड दिसली. मी तुमच्या बारा वर्षांत ते टार्गेट शोधायचा प्रयत्न केला, नफ्याचा कितवा हिस्सा दिला ते प्रत्येक वर्षाचं काढलं, आणि आकडे इतके इकडेतिकडे आहेत की टार्गेट आहे असं कुणीच म्हणणार नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा धंदा चढउताराचा आहे, आम्हाला सलग देणं जमत नाही. हे मला एजीएममध्ये पण सांगितलं गेलं. पण अमेरिकेतल्या कॅटरपिलरचा धंदा काय स्थिर आहे का? खाणी आणि बांधकामं थंडावली की त्यांच्या मशीनची विक्री धाडकन खाली येते, तरी ती कंपनी १९२५ मध्ये स्थापन झाल्यापासून दर वर्षी रोख डिव्हिडंड देत आलीय आणि १९३३ पासून दर तिमाहीला देतेय. ते फार मोठे आहेत म्हणाल तर ओहायोमधल्या मॅन्सफिल्डची गॉर्मन-रप घ्या, १९३३ पासून पंप बनवतात, त्यांच्या मानाने छोटीच कंपनी, आणि तिने ५० पेक्षा जास्त वर्षं सलग डिव्हिडंड वाढवलाय. २०२२ मध्ये त्यांनी फिल-राइट नावाचा धंदा ५२.५ कोटी डॉलरला विकत घेतला, बरंचसं कर्ज काढून, आणि त्या वर्षी सुद्धा डिव्हिडंड वाढवला, पण अगदी थोडासा. मला त्यांचं कौतुक त्या थोड्याशाचं वाटतं. चांगल्या वर्षी हात आवरला तरच वाईट वर्षी द्यायला उरतं, आणि छोट्या कंपनीत तर बँक पण अडल्या वेळेला उभी राहत नाही.

पण रेकॉर्ड टिकवायचं म्हणून टिकवणं हे मी मागत नाहीये, हे कृपा करून नीट लक्षात घ्या, कारण एजीएममध्ये माझ्या बोलण्याचा तोच अर्थ काढला गेला. जनरल इलेक्ट्रिकचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. टर्बाइन, इंजिनं, हॉस्पिटलची मशीनं बनवणारी कंपनी, १९३८ पासून डिव्हिडंडला कात्री लावलेली नव्हती, २००९ मध्ये तिमाहीचा डिव्हिडंड शेअरमागे ३१ सेंटवरून १० सेंटवर आणावा लागला. मग परत चढवत चढवत २४ सेंटपर्यंत नेला, २०१७ मध्ये त्याचे १२ केले, आणि २०१८ मध्ये तर १ सेंट. त्या २४ सेंटच्या मागे तेवढा रोख पैसा येत नव्हता. त्या डिव्हिडंडवर घर चालवणारी निवृत्त माणसं होती, त्यांना एका वर्षात दोनदा हिशेब बदलावा लागला.

आणि बंद करणं योग्य असू शकतं याचं उदाहरण पण देतो, तुमच्याच आकाराचं. न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियाची ग्रॅहम कॉर्पोरेशन, व्हॅक्यूम आणि हीट ट्रान्सफरची यंत्रं बनवते. तिने २०२१ मध्ये बार्बर-निकोल्स ही कंपनी घेतली, त्याच सुमारास नौदलाच्या कामांमध्ये खर्च हाताबाहेर गेला आणि तोटा झाला, आणि २०२२ च्या सुरुवातीला बोर्डाने तिमाहीचा ११ सेंटचा डिव्हिडंड थांबवला. वर्षानुवर्षं चालत आलेला डिव्हिडंड थांबवणं सोपं नसतं, पण पैसा कुठे अडकलाय ते लोकांसमोर होतं, आणि पुढे कंपनी नफ्यात परत आली. माझ्याकडे तो शेअर असता तर मी तेव्हा नाराज झालो असतो, पण मला कारण कळलं असतं आणि थांबायचं की विकायचं हे मला ठरवता आलं असतं. तुमच्या शून्याच्या वर्षी मला काय कळलं? एक ओळ.

त्या वर्षीच्या एजीएममध्ये मी उभा राहून विचारलं होतं, की डिव्हिडंड का नाही. उत्तर आलं, "भविष्यातल्या संधींसाठी पैसा राखून ठेवलाय." आणि लगेच पुढचा भागधारक. मी खाली बसलो. त्यानंतरच्या चार रिपोर्टमध्ये मी ती संधी शोधतोय. नवीन शेड झाली का, नवीन मशीनिंग सेंटर आलं का, सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट्सचा धंदा वाढवला का (तो वाढवायलाच हवा, मंदीत नवीन मशीन कुणी घेत नाही पण जुनं चालू ठेवावंच लागतं, तिथला पैसा सगळ्यात भरवशाचा), यातलं काहीच मला सापडलं नाही. पैसा ठेवींमध्ये पडून होता आणि नंतर त्यातला बराचसा येण्यांमध्ये गेला.

पैसा ठेवून घ्यायला माझी ना नाही. काही मित्र मला म्हणतात डिव्हिडंड मागणं हेच चूक, कंपनीने सगळा पैसा धंद्यात घालावा. मिलर आणि मोदिग्लियानी या अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की कर नाही, खर्च नाही, सगळ्यांना सगळी माहिती आहे असं बाजाराचं आदर्श चित्र धरलं तर डिव्हिडंड किती दिला याने कंपनीची किंमत बदलत नाही. तसंही एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, शेअरचा भाव साधारण डिव्हिडंडएवढा खाली येतो, म्हणजे आमचाच पैसा आमच्या या खिशातून त्या खिशात. मान्य. पण त्या चित्रात सगळ्यांना सगळी माहिती असते, आणि तुमच्या माझ्यात नेमकं तेच नाहीये. मला आतलं दिसत नाही. मग ठेवलेल्या पैशाचं काय झालं हे बघायला माझ्याकडे एक साधा हिशेब उरतो: समजा दहा वर्षांत तुम्ही १०० ठेवून घेतले आणि त्या दहा वर्षांत वार्षिक नफा ४ ने वाढला, तर माझ्या १०० वर तुम्ही मला ४ टक्के मिळवून दिलेत. तुमचा खरा आकडा मी माझ्या वहीत काढलाय, इथे लिहीत नाही, तुम्ही स्वतः काढून बघा आणि पुढच्या रिपोर्टमध्ये छापा. तो चांगला असेल तर डिव्हिडंड बंद करा, मी पहिला हात वर करीन.

हा वाद काही आजचा नाही. १९१६ मध्ये हेन्री फोर्डने आपल्या मोटार कंपनीचे स्पेशल डिव्हिडंड बंद केले आणि पैसा रिव्हर रूजच्या नव्या कारखान्यात घालायचं ठरवलं, तेव्हा दहा टक्के शेअर असलेले डॉज बंधू कोर्टात गेले. १९१९ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने १.९ कोटी डॉलरहून जास्त डिव्हिडंड वाटायला लावला. याची आठवण बहुतेक जण "भागधारक जिंकले" एवढीच ठेवतात. पण त्याच कोर्टाने कारखाना वाढवायला आडकाठी केली नाही, धंदा कसा वाढवायचा ते संचालकांनी ठरवावं असंच म्हटलं. कारखानाही बांधून उरेल एवढा पैसा होता म्हणून वाटायला लावला. मला तुम्हाला कोर्टात न्यायचं नाही, माझ्या शेअरमध्ये तेवढी ताकदही नाही, पण माझं म्हणणं तिथलंच आहे: आधी धंद्याची गरज, ती मोजून, आकड्यात सांगून, आणि मग जे उरतं त्याचा हिशेब भागधारकाला.

अजून एक गोष्ट बोलायला अवघड आहे पण बोलतो. बोर्डावर ज्या घराण्याची माणसं आहेत त्यांच्याकडेच निम्म्याहून जास्त शेअर आहेत, म्हणजे डिव्हिडंडमधला मोठा वाटा तिकडेच जातो. ते बरोबरच आहे, कंपनी त्यांनी उभी केली. पण त्यामुळे ज्या वर्षी कर्ज काढून दुप्पट डिव्हिडंड दिला जातो त्या वर्षी बाहेरच्या माणसाच्या मनात प्रश्न येतो की ही गरज कंपनीची होती की घराण्याची. मी तसा आरोप करत नाहीये. नियम आधी लिहिलेला असता तर प्रश्नच आला नसता.

त्या दुप्पट वर्षाचा अजून एक परिणाम झाला, तो तुमच्या लक्षात आला नसेल. शेअरची माहिती देणाऱ्या ॲपवर तुमचा डिव्हिडंड यील्ड एकदम मोठा दिसायला लागला, कारण ते मागच्या बारा महिन्यांत दिलेलं सगळं, स्पेशल धरून, आजच्या भावाने भागतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंनी तेवढा आकडा बघून शेअर घेतले, त्यांना वाटलं दर वर्षी एवढं मिळणार. पुढच्या वर्षी अर्ध्यावर आला आणि भावही पडला. त्यांनी मला विचारलं, कंपनीने हे एकदाच मिळणार असं सांगितलं होतं का. मी तुमचं त्या वेळचं निवेदन शोधून वाचलं. "स्पेशल" हा शब्द होता, कशामुळे आणि परत मिळणार का, हे कुठेच नव्हतं.

तर माझी मागणी. एक पानाची डिव्हिडंड पॉलिसी लिहा आणि रिपोर्टच्या सुरुवातीला छापा, मागे कुठेतरी परिशिष्टात नको. त्यात एका वर्षाचा नफा सोडून द्या, मागच्या पाच-सात वर्षांचा सरासरी रोख पैसा धरा, कामकाजातून आलेल्यातून मशिनरीचा खर्च वजा करून, आणि गिऱ्हाईकांचे ॲडव्हान्स बाजूला काढून. त्याचा कितवा हिस्सा नियमित डिव्हिडंड म्हणून देणार ते लिहा, कमी ठेवा, पाचवा हिस्सा ठेवलात तरी माझी तक्रार नाही. कर्ज किती झालं की थांबवणार ते लिहा. स्पेशल दिलात तर त्याच निवेदनात कारण लिहा आणि परत अपेक्षा धरू नका असं स्पष्ट लिहा. आणि ज्या वर्षी देणार नाही त्या वर्षी ती एक ओळ नको, एक पान हवं: पैसा कुठे गेला, कशात अडकला, कधी सुटणार.

पुढच्या एजीएमसाठी मी माझा प्रश्न आधीच लेखी पाठवतोय, म्हणजे उत्तर द्यायला तुम्हाला वेळ मिळेल, आणि सोबत वहीतल्या त्या चार रकान्यांचा फोटो पण पाठवतोय, आकडे चुकले असतील तर तुमच्या सीएफओंनी, म्हणजे वित्त प्रमुखांनी, लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवावेत.

आपला,
एक छोटा भागधारक